शालनच्या लग्नाची कॅसेट

“वहिनी, कॅसेट नंतर बघा. आधी एवढंच सांगा, ह्यात मी आहे का नाही?”

आनंदराव माने काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय गेली नव्हती. माझ्यामागच्या फळीवरचे दत्तगुरूसुद्धा दचकले असतील.

“मामा, त्यांनी अजून ती हातात पण घेतली नाही,” त्यांची भाची शालन म्हणाली. चाळिशी ओलांडलेली, हसऱ्या तोंडाची बाई. तिनं जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट माझ्यापुढे ठेवली.

ही गोष्ट दोन हजार तेरा सालची, दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यातली. सांगलीत आमचं व्हिडिओचं छोटं दुकान होतं. पूर्वी आमचे हे लग्नांचं शूटिंग करायचे. पुढं ते मागं पडलं आणि लोक घरातल्या जुन्या कॅसेटी घेऊन त्यांच्या डीव्हीडी करून मागायला लागले. ते काम मी शिकून घेतलं. त्या वर्षी ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून ते आत आरामखुर्चीत बसून असत. त्यामुळं दुकान माझ्या एकटीच्या अंगावर होतं.

मी कॅसेट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. आत टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी चढली होती.

“पुरात भिजली होती का?”

“होय की. दोन हजार पाचच्या पुरात ट्रंकेत पाणी शिरलेलं,” शालन म्हणाली. “काकू, हे माझं लग्न. एकोणनव्वद सालचं. शूटिंग तुमच्याच काकांनी केलंय. त्या लग्नातनं मामा रुसून न जेवता निघून गेले...”

“रुसून नाही. मान दुखावला म्हणून.”

“बरं, मान दुखावून गेले. तेव्हापासून आई नि मामा बोलत नाहीत. चोवीस भाऊबीजा कोरड्या गेल्या. माझं लग्न एकदाच झालं काकू, त्याच्यावरचं भांडण मात्र दर वर्षी होतंय.”

आनंदरावांनी स्टूल ओढलं आणि बसले. मग सगळं सांगितलं. लग्नाच्या दिवशी ऐन वेळी दुसऱ्याची ड्यूटी त्यांच्या गळ्यात पडली. गाडी वाटेत पंक्चर झाली. धावतपळत हॉलवर पोचले तर मंगलाष्टका सुरू झालेल्या.

“आणि नवरीच्या पाठीशी कोण उभा? तर यशवंता! आमचा चुलतभाऊ. सख्खा मामा जिवंत असताना चुलत मामा पाठीशी!”

“मामा, मुहूर्त तुमच्या टायरसाठी थांबतोय होय?”

“दहा मिनिटं थांबला असता तर काय झालं असतं? एसटी नाही का थांबत?” ते माझ्याकडं वळले. “मग मी मागं पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहिलो, अक्षता टाकल्या आणि गेलो. जेवलो नाही, हे मी कबूल करतो. पण अक्का म्हणते, मी अक्षताच टाकल्या नाहीत. आता मला सांगा, नवरीची आई तुळशीपाशी बसलेली. आमच्यात आईनं लेकीच्या अक्षता बघायच्या नसतात. तिनं बघितलंच नाही, तर तिला कसं कळलं?”

“तेच तर,” शालन म्हणाली. “पण आता आईच्या तोंडातनं एकदाचा शब्द निघालाय. म्हणाली, अक्षता टाकलेल्या दाखवा, येत्या भाऊबीजेला ओवाळते. आणि सफाईत ही कॅसेट सापडली.”

“अक्का शब्दाची पक्की,” आनंदराव म्हणाले. “पण हट्टाची त्याहून पक्की. तुम्हीच सांगा वहिनी, अशी बहीण कुठं...”

मी हात जोडले. “माझा चातुर्मास आहे. समोर नसलेल्या माणसाबद्दल मी बोलत नाही.”

दर चातुर्मासात मी काहीतरी सोडते. कधी साखर, कधी वांगं, एकदा चहा. त्या वर्षी आमच्या मठातल्या माईंनी सुचवलं, खाण्यातलं सोडणं तुला सोपं जातं, बोलण्यातलं काही सोड. म्हणून समोर नसलेल्या माणसाविषयी बरंवाईट काही बोलायचं नाही, असा नेम धरला होता. सोपा वाटला होता. पहिल्या आठवड्यातच कळलं की ते सोडल्यावर बोलायला फारसं काही उरत नाही.

“कुणाबद्दलच नाही?” आनंदरावांनी डोळे मोठे केले. “मग दुकान कसं चालतं?”

“छान चालत असेल,” शालन म्हणाली. “गिऱ्हाईक लवकर घरी जातं.”

कॅसेट मी घेतली.

बुरशीची कॅसेट तशीच मशीनमध्ये घालता येत नाही. एक तर टेप तुटते, नाहीतर मशीन बिघडतं. मी तोंडाला फडकं बांधून अंगणात बसले, कॅसेटचे पाच स्क्रू काढले आणि स्पिरिटमध्ये बुडवून पिळलेल्या मलमलीतून टेप वीत वीत ओढत पुसत गेले. दोन दुपारी त्यातच गेल्या. मग कुठं ती मशीनमध्ये गेली. तीन तासांचं लग्न कॉम्प्युटरवर उतरवायला तीन तासच लागतात, त्यात घाई नाही. तेवढ्या वेळात मी लाखवातीच्या वाती वळत असे. हाताला कापूस, डोळे पडद्यावर.

चित्र वाईट होतं. आडव्या रेघा, पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस, कडेची चौकट थरथरणारी. पण मंगलाष्टका आल्या, कॅमेरा मागं वळला आणि हॉलच्या टोकाला पिंपाजवळ खाकी शर्टातला एक माणूस दिसला. त्याचा हात वर गेला. माझी वात अर्धवट राहिली.

“अहो, आहेत ते!” मी आतल्या खोलीत ओरडले.

“कोण?” आमचे हे काळ्या चष्म्यातून म्हणाले.

“ते... येतील तेव्हा सांगते,” मी म्हणाले, कारण आनंदराव समोर नव्हते.

मग चार दिवस मी ते चित्र साफ करत बसले. रंग मूळपदावर आणले, कडेची थरथरती पट्टी सरळ कापून टाकली. त्याच महिन्यात मला एका ओळखीच्या मुलीनं टेपवरचे डाग काढणारं नवीन फिल्टर घालून दिलं होतं. ते असं करायचं की, एका चित्रात पांढरा ठिपका आहे आणि मागच्यापुढच्या चित्रात त्या जागी नाही, तर तो डाग समजून पुसून टाकायचं. मी ते सगळ्या लग्नावर फिरवलं. काय सांगू, शालनच्या मुंडावळ्यांचा मोती न् मोती दिसायला लागला. नवरीचा चेहरा तेवढा मोठा करून बघितला, समाधानानं हात जोडले, आणि वसुबारसेला डीव्हीडी तिच्या हातात दिली.

धनत्रयोदशीच्या दिवशी सकाळी मी दुकानाचा उंबरा धूत होते. समोर स्कूटर थांबली. आनंदराव उतरले, पण नेहमीसारखे ओरडले नाहीत. त्यामुळं मी जास्त घाबरले.

“वहिनी,” ते हळू म्हणाले, “अक्षता कुठं गेल्या?”

“म्हणजे?”

“काल बुधगावला अक्काकडं लावली सीडी. मी बाहेरच थांबलो, पायरीवर. सगळं घर जमलेलं. मंगलाष्टका झाल्या, शुभमंगल सावधान झालं, आणि अख्खं वऱ्हाड...” त्यांनी मूठ वर नेऊन रिकामी उघडली. “असं. चारशे माणसं हवेत हात झाडताहेत. डास मारल्यासारखं. तांदळाचा एक दाणा नाही!”

मी पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

“अक्का काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, चित्र लख्ख आहे. अक्षता कुणीच टाकल्या नाहीत. म्हणजे लग्नच झालं नाही. जावयाला म्हणावं, चोवीस वर्षं राहिलात ते राहिलात, आता आपल्या घरी जा. सगळी पोरं खो खो हसली. आणि शेवटी खिडकीतनं मला ऐकू जाईल असं म्हणाली, मशीननं बाकीच्यांच्या खाल्ल्या असतील, पण ह्याच्या मुठीत होत्या कशावरून?”

मी कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. ते माझ्या खांद्यामागं उभे राहिले. मी ती जागा लावली आणि पहिल्यांदा नीट बघितली. खरंच. हात वर जात होते, मुठी उघडत होत्या, आणि त्यातून काहीच पडत नव्हतं. नवरानवरीच्या डोक्यावर स्वच्छ, कोरडी हवा. उडणारा तांदूळ एका चित्रात असतो आणि पुढच्या चित्रात त्या जागी नसतो. फिल्टरला तो डागच वाटला होता.

रोज देवापुढं अक्षता वाहिल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही. आणि माझ्या हातानं एका लेकीच्या लग्नातल्या सगळ्या अक्षता पुसल्या गेल्या होत्या, आणि वर मी समाधानानं हात जोडले होते.

“माझी चूक आहे,” मी म्हणाले. “मशीनची नाही. मी बघायला हवं होतं.”

आनंदरावांचा चेहरा एकदम मऊ झाला. “अहो रडताय काय? तांदूळच आहेत ते. परत आणता येतील ना?”

“आणते.”

“भाऊबीजेच्या आत?”

“आणते. पण त्यांचा विश्वास बसेल का?”

“तेही बोलून झालंय तिचं. म्हणाली, आता कॉम्प्युटरनं तांदूळ घालून आणाल. आणायचंच असेल तर त्या बाईनं स्वतः यावं आणि देवाशपथ सांगावं.”

पुढचे तीन दिवस मी दिवाळीचं काम आणि हे काम आलटून पालटून केलं. सकाळी देवपूजा, फराळाचं तळण, मग कॉम्प्युटर. मूळ चित्र पुन्हा उघडलं आणि फिल्टर बंद ठेवून तो चाळीस सेकंदांचा तुकडा हातानं साफ करायला घेतला. सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे हजार चित्रं. प्रत्येक चित्रातला प्रत्येक पांढरा ठिपका बघायचा. टेपवरचा डाग आडवा असतो आणि एका चित्रापुरता येऊन नाहीसा होतो. तांदूळ मात्र प्रवास करतो. कुणाच्या तरी मुठीतून निघतो, वर चढतो, वळतो आणि खाली येतो. मागून पुढं चित्रं सरकवत एकेका दाण्याची वाट बघितली की कळतं, हा कुणीतरी टाकलाय. तो ठेवायचा. दुसरा पुसायचा.

अशा रीतीनं मी लग्नातल्या चारशे माणसांच्या अक्षता वेचत वेचत मागं मागं गेले. शेवटी पिंपाजवळ पोचले. खाकी शर्टातला हात वर गेला, मूठ उघडली, आणि सात दाणे निघाले. सात मी मोजले. बाकीचे पुढच्या फेट्यामागं गेले असतील.

या वेळी मी कडेची पट्टीही कापली नव्हती. तशीच दुरुस्त करत होते. त्यामुळं पिंपाच्या डावीकडं, चित्राच्या अगदी टोकाला, आतल्या खोलीचं दार दिसायला लागलं. दार किलकिलं होतं. त्यातून जरीच्या हिरव्या साडीतली एक बाई डोकावत होती.

मी आणखी पुढं सरकवलं. बाईनं पिंपाकडं बघितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. तिनं हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवला. पुढं ये, पुढं ये.

आणि त्याच क्षणी खाकी शर्टाचा चेहरा पांढराफटक झाला. उजेडानं. त्यानं डोळ्यांवर आडवा हात धरला, तोंड फिरवलं आणि गर्दीतून बाहेर निघून गेला. दारातला हात थोडा वेळ तसाच राहिला. मग आत गेला.

हिरव्या साडीतली ती बाई मी कॅसेटमध्ये आधीही बघितली होती, हळदीत, पाठवणीत. ती शालनची आई होती. तुळशीपाशी बसलेली असायला हवी होती ती.

मी खुर्चीवरून उठून देवापुढं जाऊन बसले. आमचे हे म्हणाले, “काय झालं गं?”

“काही नाही. त्या दिवशी लाइट कुणी धरला होता?”

“कुठल्या दिवशी?”

“एकोणनव्वदच्या मे महिन्यात. शालनच्या लग्नात.”

“तूच की. नवीन नवीन लग्न झालेलं आपलं. हजार वॅटचा हॅलोजन घेऊन माझ्यामागं पळायचीस. मी म्हणायचो, गर्दी घेतो, लाइट मागं मार, की तू मारायचीस धाडकन लोकांच्या तोंडावर. म्हातारी माणसं शिव्या घालायची.”

मी फोनपाशी गेले आणि परत आले. आनंदरावांना सांगायचं म्हणजे त्यांच्या बहिणीची, तिनं चोवीस वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट तिच्यामागं सांगणं. शालनला सांगायचं तर तेच. नेम नसता तरी ते माझ्याच्यानं झालं नसतं. जायलाच हवं होतं.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी शालन रिक्षा घेऊन आली. बुधगावला तिच्या आईच्या घरी पोचलो तेव्हा आनंदराव आधीच येऊन समोरच्या कडुनिंबाखाली स्कूटरवर बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला टोपी.

“पुरावा मान्य झाल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही,” त्यांनी मला तिथूनच सांगितलं. “मला मान आहे.”

“मान दुखेल तुमची तिथं बसून,” शालन म्हणाली.

सोनाअक्का दारात उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, उंच, ताठ बाई. माझ्याकडं वरून खाली बघून म्हणाल्या, “तुम्ही होय अक्षता खाणाऱ्या?”

“होय. चूक झाली.”

त्यांना हे अपेक्षित नसावं. “या,” त्या जरा नरमून म्हणाल्या. “चहा घेता का नेमाचं काही आहे?”

“चहा चालतो. पण आधी तुम्हाला एकटीलाच दाखवायचं आहे.”

शालननं आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि चहा करायला आत गेली. मी डीव्हीडी लावली. अक्का कॉटवर बसल्या. पुढं सरकवत सरकवत मी ती जागा आणली आणि किलकिल्या दारावर चित्र थांबवलं.

अक्का कॉटवरच पुढं वाकल्या. मग उठून टीव्हीजवळ गेल्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

“हे कालपरवा नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“कडेचं मी कापून टाकलं होतं.”

“आणि कुणी बघितलंय?”

“मी एकटीनं.”

“पुसता येतं का?”

“येतं,” मी म्हणाले. “पाच मिनिटांत.”

त्या खाली बसल्या. आवाज एकदम बारीक झाला. “सासूबाईंनी बजावून तुळशीपाशी बसवलेलं. लेकीच्या अक्षता बघायच्या नाहीत, तिच्या संसाराला बरं नसतं. पण मला बसवेना. आंद्या आला का नाही, एवढंच मला बघायचं होतं. आणि तो दिसला. मी एवढा हात केला, एवढा... आणि ह्यानं काय केलं, बघा तुम्हीच. माझ्याकडं बघून पाठ फिरवली. आता हे सांगणार कुणाला? सांगायचं तर मी तिथं होते, हे सांगावं लागतंय. मग म्हणत बसले, अक्षता टाकल्या नाहीत, टाकल्या नाहीत. काहीतरी म्हणायला पाहिजे ना.”

“अक्का, एक सांगू? माझ्यापुरतं सांगते.”

“सांगा.”

मी चित्र थोडं पुढं नेलं. पांढराफटक चेहरा, डोळ्यांवर आडवा हात.

“हा उजेड दिसतोय ना, तो माझ्या हातातला आहे. तेव्हा लाइट मी धरायची. हजार वॅटचा. तो डोळ्यांवर पडला की समोरचा माणूस सोडा, स्वतःचा हात दिसत नाही. ह्याच्यापुढचं मला विचारू नका. ते समोर नाहीत, मला त्यांच्याबद्दल बोलता येत नाही.”

अक्कांनी माझ्याकडं, पडद्याकडं, परत माझ्याकडं बघितलं. मग उठून खिडकी उघडली.

“आंद्या!”

कडुनिंबाखाली आनंदराव स्कूटरवरून पडता पडता वाचले. चोवीस वर्षांत ती हाक त्यांनी ऐकली नसणार. टोपी सावरत ते खिडकीपाशी आले, पण गजांच्या बाहेरच उभे राहिले. चहाचा ट्रे घेऊन शालनही येऊन थबकली.

“दिसल्या का अक्षता?” ते म्हणाले.

“अक्षता राहू देत. मी विचारते त्याचं उत्तर दे. त्या दिवशी आतल्या दारातनं कुणी हात केलेला तुला दिसला का?”

“कुठल्या दारातनं?”

“डाव्या अंगाच्या. पिंपाच्या शेजारच्या.”

“दार?” आनंदराव म्हणाले. “अक्का, मला पिंप दिसत नव्हतं! ती कोण लाइटवाली पोरगी होती, तिनं सूर्यच आणून ठेवलेला माझ्या डोळ्यांपुढं. पाणी प्यायला गेलो तर हात भिंतीला आपटला. तसाच चाचपडत बाहेर पडलो. त्या पोरीला तर मी असल्या...”

“मामा,” शालन म्हणाली, “त्या ह्याच.”

आनंदरावांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

“नाही, म्हणजे, लाइट चांगला होता,” ते घाईनं म्हणाले. “पण अक्का, दारातनं हात कोण करणार? आतल्या खोलीत कोणच नव्हतं. तू तर तुळशीपाशी होतीस.”

अक्कांनी खिडकीचा गज धरला.

“नव्हते,” त्या म्हणाल्या.

“काय नव्हतीस?”

“तुळशीपाशी नव्हते. दारात होते. तू आलास का बघायला.” त्यांनी शालनकडं वळून बघितलं. “तुझ्या अक्षता बघितल्या मी. आता तुला काय म्हणायचं ते म्हण.”

शालननं हातातला ट्रे सावरून धरला. मग म्हणाली, “आई, माझ्या संसाराला काय झालंय? दोन पोरं झाली, नवऱ्याचं पोट सुटलं. चांगलंच चाललंय की.”

अक्का हसल्या. त्या हसताना मी पहिल्यांदाच बघत होते, पण आनंदरावांकडं बघून वाटलं, त्यांनीही फार वर्षांनी बघितलं असावं. ते गजांना कपाळ टेकून उभे होते. एवढा मोठा आवाज, पण तो कुठं गेला होता कळेना.

“तू मला बघायला आलीस?” ते म्हणाले.

“मग काय यशवंताला?”

अक्का खिडकीपासून निघाल्या, सरळ दारातून बाहेर गेल्या, पायऱ्या उतरल्या. आम्ही दोघी मागोमाग धावलो. आनंदराव वळेपर्यंत त्यांनी भावाचा दंड धरला होता.

“हात करून बोलवायची नाही मी आता,” त्या म्हणाल्या. “चल.”

“अगं, हळू. चप्पल तरी काढू दे!”

“आत काढ.”

ट्रे अजून शालनच्या हातातच होता. तिला एकदम आठवलं. “आई, अक्षता! अगं, अक्षता अजून बघितल्याच नाहीस तू. काकूंनी तीन दिवस एक एक दाणा वेचून आणलाय!”

“टाकल्या असतील की,” अक्का मागं न बघता म्हणाल्या.

आनंदराव उंबऱ्यावरच अडले. “असतील? असतील म्हणजे काय? टाकल्यात मी! वहिनी, लावा ती सीडी. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना दाखवा!”

“मागनं बघू,” अक्का म्हणाल्या आणि त्यांना आत ओढलं. “पहाटेपासनं पाट मांडून ठेवलाय.”